जुन्या डब्यांसाठी अर्ज

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती, पण नगरहून सुटणाऱ्या आमच्या शटलला ते कुणी कळवलं नव्हतं. तिचे डबे पहिल्या महायुद्धाच्याही आधीचे. मिशनच्या शाळेत शिकवायला मी पहिल्याच दिवशी सारोळ्याला निघाले, आणि गाडी थांबल्यावर दार काही उघडेना. मी ढकलतेय, शेजारची कासारीण रतनबाई ढकलतेय... तेवढ्यात खिडकीत एक तेलकट चेहरा आला.

“बाई, जोर लावू नका. मागं सरा जरा.”

त्याने दार खालून गुडघ्याने उचललं, कडीवर हातोडी मारली आणि ओढलं. मी थेट त्याच्या अंगावर! हा यशया, गाडीबरोबर फिरणारा फिटर. डबे इतके मोडकळीला आलेले, की दुरुस्तीला माणूस सोबत ठेवावाच लागे.

त्याच संध्याकाळी मी रागारागाने अर्ज लिहिला : डबे बदलून मिळावेत. रतनबाईंसकट साठ जणांचे अंगठे घेतले, पाठवून दिला आणि विसरले. कारण त्यानंतर रोज सकाळी यशया माझ्याच दारापाशी उभा असायचा. बाकीच्या डब्यांतली माणसं खिडकीतून उतरायची. सगळे त्याला यशयाभाऊ म्हणत. माझ्या तोंडून मात्र ‘भाऊ’ निघता निघेना. मी नुसतं “अहो फिटर” म्हणायचे, आणि रतनबाई गालात हसायच्या.

“रोज माझंच दार कसं अडकतं हो?” मी एकदा विचारलं.

“सगळीच अडकत्यात,” तो हातोडीकडे बघत म्हणाला. “पर मला... एकाच दाराची घाई असती.”

त्या दिवशी मी दुसरीच्या पोरांना तिसरीचा धडा शिकवला.

आठ महिन्यांनी, कुणाला आठवणही नसताना, अर्ज मंजूर झाला. नवे डबे येणार – पोलादी, गुळगुळीत दारांचे. सगळी गाडी माझं कौतुक करू लागली. नव्या डब्यांना सोबत फिटर लागणार नव्हता. यशयाची बदली मनमाडला. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात, ते हेच.

मी दुसरा अर्ज लिहिला. जुने डबे हवेशीर आहेत (खिडक्यांना झडपाच उरल्या नव्हत्या), प्रवाशांना त्यांचा लळा लागला आहे, तरी ते काढू नयेत. लळा डब्यांचा की आणखी कुणाचा ते नीट लिही, असं म्हणतच रतनबाईंनी अंगठा उठवला.

चौकशीला रेल्वेचे साहेब सारोळ्याला आले. दोन्ही अर्ज शेजारी धरून म्हणाले, अक्षर तर एकच दिसतंय. मी फलाटावरच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी फिटरला विचारलं, हे डबे अजून चालतील का?

चालतील म्हण, मी मनात म्हणत होते. एवढा एक शब्द, आणि तू इथेच राहशील...

“न्हाई साहेब,” यशया म्हणाला. “भंगारात काढा.”

साहेब पुढच्या डब्याकडे गेले. मला रडू आलं, आणि रागही.

“तुम्हाला काहीच वाटत नाही का?”

“लई वाटतं. पर काल फळी तुटून रतनबाईंचा पाय खाली गेल्ता. तुमीच वढून काढला. माज्या सुखापायी कुनाचा पाय घालवू?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला फार फार आवडला, आणि म्हणूनच आणखी रडू आलं.

त्याने टोपी काढून हातात फिरवली. “मनमाडला... पोरींची शाळा हाय. मिशनचीच. त्यांना मास्तरीण पायजे. मी इचारून आलोय.”

“शाळेला विचारलंत. मला नाही.”

“शाळा न्हाई म्हनली असती, तर तुमाला कोन्या तोंडानं इचारलं असतं? तुमची नोकरी सोडवायची... ते मला जमायचं न्हाई.” तो थांबला. “आता इचारतो. येता का?”

गार्डाने शिट्टी दिली. मी “हो” म्हणाले, पण तो कानामागे हात धरून उभाच. मग मी जरा मोठ्याने म्हणाले – नेमकी तेव्हाच शिट्टी थांबली आणि सगळ्या फलाटाने ऐकलं.

“पयल्यांदाच ऐकू गेलं हुतं त्याला,” खिडकीतून रतनबाई म्हणाल्या. “दोनदा वदवून घेतलं लबाडानं.”