जंबोचं अंग गेलं कुठे?

सकाळी नऊला दीपेशने खोलीचं कुलूप उघडलं आणि बोंब ठोकली. टेबलावर इंजिनाची चाकं होती, मोटर होती. वरचं अंग गायब.

दोन वर्षांचं काम! वीतभर लांबीचा जंबो. मोठाल्या खिडक्यांचं हे रेल्वेचं डिझेल इंजिन मोजकंच बनलं, त्याचं मॉडेल बाजारात मिळेना. म्हणून दीपेशने अमेरिकन मॉडेलची चाकं-मोटर घेतली आणि दोन मोडक्या मॉडेलांचे तुकडे जोडून वर अंग बसवलं. कठड्याचे दांडे कापडाच्या लूमच्या फणीच्या तारांचे. जाळ्या चहाच्या गाळणीच्या. आईने तीन गाळण्या अजून माफ केल्या नव्हत्या.

आणि उद्या आबांचं डोळ्याचं ऑपरेशन. दीपेशचे आजोबा रामनाथआबा खरा जंबो चालवून रिटायर झालेले. एक डोळा गेलेलाच, दुसऱ्याची डॉक्टर खात्री देईना. हल्ली त्यांना फक्त चकाकणारं दिसायचं. स्टीलचा ग्लास झटक्यात उचलायचे, काळ्या चपला तासभर शोधायचे.

"आपरेशनच्या आधी येकदा माझा जंबो दाव," एवढंच त्यांचं मागणं.

दीपेश धावत सावळारामभाऊंकडे गेला. भाऊ तीस वर्षं लूमवरचं कापड तपासायचे. शंभर मीटरात एक धागा तुटला तरी बोट तिथेच थांबायचं. टेमघर गावात बकरी हरवली तरी आधी भाऊंना बोलावत. पोलिसांकडे उरलेलं जायचं.

"शेवटचा कधी बघितलास?"

"काल संध्याकाळी. कुलूप लावलं आणि शेजारच्या मनालीच्या हळदीत नाचायला गेलो."

"दुसरी चावी?"

"शेजारी हौसाकाकूंकडे. पण भाऊ, हा प्रितेशच! तोही मॉडेलं जमवतो, कल्याणहून येऊन तीनदा जंबो मागून गेला. मी दिला नाही."

भाऊंनी प्रितेशला फोन लावला. स्पीकरवर तो खेकसला, "मोटर ठेवून अंग नेलं? अंकल, मी चोर असतो तर आधी मोटर उचलली असती. गाळणीचं मी काय करू, चहा?"

दीपेशला रडूच आलं. चोरी झाली ती झाली, वर अपमान.

दीपेशच्या खोलीपाशी येऊन भाऊ दाराच्या कडीवर वाकले. पिवळा डाग.

"हळद," दीपेश म्हणाला. "काल आख्ख्या गल्लीचे हात पिवळे होते. कोणाकोणाला धरणार?"

"साबण आण."

भाऊंनी ओला साबण डागावर घासला. बघितलं. साबण हातात घेऊनच निघाले.

बाहेर मांडवात हौसाकाकूंची धावपळ चालली होती. आज त्यांच्या लेकीचं, मनालीचं लग्न. "काय रं दीपेश, लग्नघरात बोंबा कसल्या?"

"ताई, दीपेशची चावी?" भाऊंनी विचारलं.

"खिळ्याला हाय. कालपास्नं हात लावाया येळ न्हाय मला."

"हात पुढे करा जरा."

भाऊंनी त्यांच्या पिवळ्या हाताला साबण चोळला. तळवा लालभडक झाला. काकू चमकल्या. भाऊ त्यांच्या नखांकडे बघत राहिले. मग सरळ रुखवताच्या टेबलापाशी गेले.

"कापडावर हळद पडली आणि साबण लागला की डाग लाल होतो. तीस वर्षं बघतोय. ताईंचा तळवा लाल झाला. पण नखातलं पिवळं पिवळंच राहिलं. कडीवरचंही. म्हणजे ती हळद नव्हे, सोनेरी रंग. लग्नघरात सोनेरी रंग कशाला? रुखवताचे नारळ रंगवायला. आणि मोटर सोडून अंग कोण नेईल? ज्याला इंजिन नकोच, पोकळ डबा हवाय."

त्यांनी लेसचा रुमाल उचलला. खाली सोनेरी जंबो उलटा पडलेला. पोटात बदाम. पुढे कार्ड: 'चि. मनाली हिने स्वहस्ते केलेली बदामदाणी.'

हौसाकाकू मटकन बसल्या. "तिची सासू म्हनली, पोरीच्या हातची येक तरी वस्तू पायजे. हिला सुईत दोरा ववता येत न्हाय! वाटलं, मोडका डबा हाय. वरात गेली का गपचूप परत ठेवनार व्हते. आता सासूला कळलं तं..."

"काकू, उद्या ऑपरेशन आहे!" दीपेशचा आवाज फाटला. "हा रंग घासला तर जाळ्या तुटतील. आबांना मी काय दाखवू?"

"दीपू," मागून काठी वाजली. "त्ये काय चमकतंय?"

आबा होते. दीपेशने बदाम ओतले, जंबो सरळ करून आबांच्या हातात दिला. आबांनी तो डोळ्याला भिडवला. बोट मोठ्या खिडकीवर थांबलं.

"हीच. माझं कोपर हितं असायचं." त्यांनी खिडकीवरून अंगठा फिरवला. "दिसला रं! खऱ्यागत लाल-तपकिरी केला असतास तं नसता दिसला. कुनी केला ह्यो?"

दीपेशने मान वर केली. मांडवाच्या दारात मनालीची सासू रुखवत बघायला उभी होती. हौसाकाकूंनी लाल-पिवळे हात जोडले.

दीपेश आबांकडे वळला. "इंजिन मी जोडलं, आबा. रंग मनालीने दिला. स्वतःच्या हाताने."

"मंग पोरीचा हात सोन्याचा हाय," आबा म्हणाले.

सासू खूश होऊन पुढे आली. दीपेशने टेबलावरचा एक बदाम तोंडात टाकला आणि चावत राहिला.