बाळंतिणीच्या खोलीतला टीव्ही

पिंपळनेरात मी बाळंतिणी न्हाऊ घालते. वीस वर्षं झाली. वना आबांची सून दिपमाला बाळंत झाली तेव्हाही मलाच बोलावणं आलं. सकाळी नऊला जायचं, तेलानं अंग रगडायचं, कढत पाणी घालायचं, मग ओव्याची धुरी द्यायची.

बारा दिवस त्या खोलीत पुरुषाची सावली नको, हा सासूचा, भिकुबाईचा नियम. आबांनाही नातू उंबऱ्याबाहेरूनच बघायचा. आणि आत खाटेसमोर, भिंतीवर भला मोठा टीव्ही. त्याच्या डोक्यावर काळा कॅमेरा. ललित, दिपमालाचा नवरा, सुरतेत कामाला. त्याला व्हिडिओ कॉलवर पोरगं दिसावं म्हणून भिकुबाईनंच तो खाटेकडे वळवून घेतलेला.

अकराव्या दिवशी मला जायला दहा वाजले. दार लावलं. दिपमाला कपडे सोडून पालथी निजली. मी तिच्या पाठीवर तेल ओतलं.

"मावशी, आज उशीर झाला..."

पुरुषाचा आवाज. हळू, लाळ गिळत बोलल्यासारखा. टीव्ही तर काळाच होता.

मी तिच्यावर गोधडी टाकली. "ललित, लाज विकून खाल्ली का रे? ओली बाळंतीण शे ती."

"मावशी, हा त्यांचा आवाज नही..." दिपमाला कुजबुजली. तिनं फोन लावला. आधी कारखान्याचा खडखडाट, मग ललित.

"मी आते मशीनवर शे. सकाळना टाईमले टीव्हीवर तर मी कधी फोन लायेलच नही. कॅमेराना पासवर्ड दुकानवालानी टाकेल तोच शे अजून. तो कोणलेबी..."

"मंग रोज कोण पाहत होतं?" तिनं विचारलं.

तिनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

अकरा दिवस. तिचं सैल पोट, दूध गळणारी छाती, तिचं कण्हणं. आणि कुठला तरी मेला नऊच्या ठोक्याला ताटावर बसावं तसा बसत होता. तेलाचे हात मी लुगड्याला पुसले, तरी बुळबुळ जाईना.

"धुरी राहिली..." टीव्ही म्हणाला.

मी टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. कॅमेरा काढायला स्टुलावर चढले.

"बंद झाला का, मावशी?"

कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती. पदरानं पुसली. निघेना. वाफ आतल्या अंगाला होती. बघता बघता विरली... कुणी आतून श्वास सोडावा तशी परत धरली. विरली... परत धरली.

वायर माझ्या दुसऱ्या हातात होती.