घुमटाबाहेरची वीस मिनिटं

आटपाडीच्या माळावरच्या पांढऱ्या घुमटात तो अठरावा दिवस होता. पुढे मंगळावर माणसं पाठवायची, तर ती तिथे राहतील कशी, याची तालीम चालली होती. आत दोघंच. मिरजेची नूरीन, मातीदगडांची अभ्यासक, आणि फौजेतून निवृत्त झालेला वाईकडचा शंभूराज. चाळीस दिवस पोशाखाशिवाय दार उघडायचं नाही. उघडलं की तालीम मोडली; दोन वर्षांची मेहनत मातीत.

त्या दिवशी शंभूराजनं दाढी घोटली, चहा घेतला आणि बरोबर अकराला पोशाख चढवून मातीचे नमुने आणायला बाहेर पडला. पोशाख नावालाच, एक पंखा बाहेरचीच हवा आत ओढायचा.

पाचेक मिनिटांत बाहेरचं तापमान दाखवणारा आकडा एकोणचाळीसवरून घसरू लागला. शून्य. उणे वीस. उणे त्रेसष्ट. यंत्र बिघडलं असणार, म्हणून नूरीननं वायर काढून पुन्हा जोडली. आकडा तोच. घुमटाला खिडकी नव्हती.

तिनं वायरलेस उचलला. "शंभूराज, ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. मग लांबून त्याचा आवाज आला, "ताई, हितं लय गार हाय. घुमट कुठं गेला?"

"मस्करी पुरे."

"मस्करी न्हाई वो. मेंढरं न्हाईत, बाभळी न्हाईत. कायच न्हाई. सूर्य बी बारका झालाय."

आवाज तुटला.

तालीम गेली खड्ड्यात. नूरीननं दोन्ही दारं उघडली.

तोंडावर उन्हाची झळ आली. माळ, बाभळी, मेंढरं, सगळं जागच्या जागी. पन्नास पावलांवर शंभूराज उताणा पडला होता. त्याच्यापाशी मेंढरं राखणारी शालूबाई उभी होती.

"आवं बाई, म्या हितंच बसले हुते. ह्यो आत्ता दिसला बगा. त्येच्या आदी न्हवता!"

नूरीननं पोशाखाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. गारठ्यानं तो कडक झाला होता. ओढणीत हात गुंडाळून तिनं शिरस्त्राण उपसलं.

शालूबाई किंचाळली.

शंभूराजची दाढी गळ्याखाली कोंबलेली होती. वीतभर लांब. निम्मी पांढरी.

नूरीननं घड्याळ बघितलं. अकरा वीस.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची काळीनिळी बोटं निरखली. "सियाचीनहून कधी आणलंत यांना?"



संध्याकाळी शंभूराजनं डोळे उघडले. खिडकीतून मावळतीकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग घाबराघुबरा होऊन त्यानं तिचा हात धरला.

"ताई, आज सूर्य येवढा मोठा का दिसतोय?"