तेवढं राहू द्या

त्या सकाळी धुळीचं वारं सुटलं होतं. अलेक्झांड्रिया पार पिवळी पडली होती आणि ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराआडही दातांत वाळू करकरत होती. आठवड्यातली ही तिसरी मेंदूची गाठ. डॉक्टर शुक्री उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. मी भूल देणारी नर्स. तरी त्या दिवशी माझं काम पेशंटला जागं ठेवायचं, बोलतं ठेवायचं.

नफीसाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांची गाठ दुर्मिळ जातीची, नेमकी वाचेच्या जागेला चिकटलेली. कवटी उघडली तरी त्या शुद्धीत होत्या. मी चित्रं दाखवायची, त्यांनी नावं सांगायची.

"आत हात घातलाच आहे," त्या हळूच म्हणाल्या, "तर नवऱ्याची कटकटही काढा."

चार तासांत गाठ निघाली. नखाएवढा तुकडा उरला. तो ठेवला तर गाठ पुन्हा वाढणार, काढला तर वाचा जाणार.

अतवा नावाच्या पेशंटच्या वेळीही असंच झालं होतं. तो मासळी बाजारात लिलाव पुकारायचा. शुक्रींनी त्याची गाठ मुळापासून काढली. ती पुन्हा आली नाही, पण त्याचा आवाजही आला नाही. दोन वर्षं तो दर महिन्याला यायचा, आमच्यासमोर बसून नुसतं तोंड उघडायचा, मिटायचा. मग वारला. शुक्रींनी त्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

वाचा तिथेच आहे का ते पाहायला त्यांनी त्या तुकड्याला विजेचा हलका स्पर्श केला. नफीसाबाई शब्द अर्धवट सोडून थांबल्या. असं होतंच. वीज काढली की बोलणं परत येतं. या वेळी आलं नाही. जंतुनाशकाच्या वासात मला एकदम मासळीचा वास आला... ओला, शिळा.

"डॉक्टर... तेवढं राहू द्या."

आवाज नफीसाबाईंचाच वाटला, पण घोगरा होता.

"कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"हा. डॉक्टरांच्या मागे उभा आहे."

शुक्रींनी मान वळवली नाही. "कसा दिसतो?"

"अर्धं डोकं भादरलेलं... तोंड हलवतोय. आवाज मात्र इथून, माझ्या तोंडातून निघतोय."

मग शुक्रींनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. "शिवून घेऊ," ते म्हणाले.

नफीसाबाई दहाव्या दिवशी बोलत बोलत घरी गेल्या. त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा तुकडा होता तेवढाच होता. पुढे तो वाढेलही. तरी त्या वर्गावर जाऊ लागल्या होत्या.

त्याच दिवशी शुक्रींनी मला खोलीत बोलावलं. अशा ऑपरेशनमधलं बोलणं आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. "एवढे दिवस ऐकायचा धीर झाला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ते लावलं.

नफीसाबाईंचा आवाज, अर्धा शब्द, शांतता. मग ते घोगरं वाक्य. मग "कोण म्हणतंय?" हा माझा प्रश्न. मग उत्तर.

उत्तरही माझ्याच आवाजात होतं. तेवढं राहू द्या, अर्धं डोकं, सगळंच. पुढे कितीतरी वेळ नफीसाबाईंचा साधा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

शुक्रींनी यंत्र बंद केलं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "घरी जा, सुहैर. झोप काढ."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.