खुर्ची आधी ओली झाली

"दिवा राहू द्या," काका म्हणाले. पोरं सरसावून बसली.

"माझा एक बाइंडर मित्र. मागच्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. संध्याकाळी त्यानं धाकट्या भावाला पुलापलीकडे बाइंडिंगचं कापड आणायला पाठवलं आणि स्वतः एक जुनी भयकादंबरी शिवायला बसला. पानांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले, आकडे गायब. मग वाचूनच क्रम लावायचा.

शेवट सापडला : हवेलीच्या मालकाचा धाकटा भाऊ तळ्यात बुडतो. एका सुट्या पानावर त्याची खुर्ची ओली झालेली. आधी बुडणं, मग ओल, असा सरळ हिशेब करून मित्रानं ते पान शेवटी शिवलं. नंतर नीट वाचतो तर त्याच पानावर तो भाऊ हसत हसत खुर्ची पुसतोय! म्हणजे पान तो बुडण्याच्या कितीतरी आधीचं, पहिल्या प्रकरणातलं. लेखकानं सगळं आधीच सांगून ठेवलेलं. वाचणाऱ्याला वाटतं, छत गळलं असेल. 'बेरकी आहे लेकाचा,' म्हणत त्यानं टाके उसवले.

साडेअकराला दार वाजलं. धाकटा. नखशिखांत भिजलेला. बाहेर पावसाचा थेंब नाही.

'अरे, कुठे डुंबून आलास?'

तो आत आला. कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.

मित्र टॉवेल आणायला आत गेला. तिथे फोन वाजला.

'दादा, निघतोच आता. दुकानदाराशी गप्पांत उशीर झाला.'

धाकट्याचा आवाज.

मित्रानं वळून पाहिलं… खुर्ची रिकामी. ओली. वर गुंडाळी.

'निघू नकोस!'

'केवढ्यानं ओरडतोस! चहा सांडला ना कापडावर.'

'माझी शपथ आहे. तिथेच झोप.'"

"मग पूल पडला?" थोरली भाची कुजबुजली.

"छे. पुलाला काहीच झालं नाही. सकाळी धाकटा आला, ठणठणीत. 'आता अंघोळीलाही तुला विचारून जाऊ का?' म्हणत दादाची यथेच्छ टिंगल केली. मग कापड टेबलावर पसरलं. कोपऱ्यात चहाचा डाग, फोनवर दचकून सांडलेला.

दादा हसला नाही. त्यानं खुर्चीवरची गुंडाळी आणली… उलगडली…"

काका पुढे वाकले.

"तोच डाग. तोच कोपरा. चहा सांडला फोनवर बोलताना. आणि हे कापड तर… त्याआधीच घरात आलेलं."

थोरली भाचीच पुन्हा पुढे सरकली.

"आणि भाऊ, काका?"

"आहे की. दादा त्याला पाण्याकडे फिरकू देत नाही." काकांनी दिव्याची वात थोडी वर केली. "दोन्ही कापडं दोरीवर टांगलीत. कालच पाहून आलो. एक कोरडं.

दुसरं अजून ठिबकतंय."