रोहूच्या पिल्लांची वाट

“पाणी उतरायला लागलं की आधी माशांकडे बघ. यंत्राकडे नंतर.” मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जाताना आजोबांनी रेवतीला बजावले होते.

म्हणून तिने आधी माशांकडे पाहिले. रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) पाण्यावर तोंड काढून आ वासत होती. पाणी तर गुडघाभर होते. मग ती गुदमरत का होती?

आजोबा हिरडी नदीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. धरण झाल्यापासून नदी काठाबाहेर आलीच नव्हती. यंदा पहिल्यांदाच धरणातून ठरवून पूर सोडला होता, जुन्या पूरमैदानावर (पुराचे पाणी पसरते त्या सखल रानात). धरणवाल्यांची अट होती: ही पिल्ले जगून नदीत पोहोचली, तरच पुढच्या वर्षी रानाला पुन्हा पाणी मिळणार.

रेवतीने टिटवीला हाक मारली. टिटवी म्हणजे पाण्याची तपासणी करणारा, लांब पायांचा यंत्रमानव. तिने चोच बुडवली.

“प्राणवायू फार कमी. रंग चहासारखा. साखर मात्र नाही.”

“थट्टा नको गं. नीट सांग.”

“रानात वर्षानुवर्षांचा पाचोळा साठला होता. तो भिजला. सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) तो खाऊ लागले. त्यांना खायला इवले पाणकिडे आले आणि पाणकिड्यांना खाऊन ही पिल्ले वाढली.”

“मग पाचोळा चांगलाच की.”

“चांगलाच. पण तो कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. वाहत्या पाण्यात नवा मिसळत राहतो. हे पाणी मात्र तुंबून तापले आहे.”

दोघी ओहोळाकडे गेल्या. पुराचे पाणी त्यातूनच नदीत परतायचे. त्याच्या तोंडाशी बांबूचा ताटवा (पाणी अडवणारा कूड) उभा होता, चिखलाने लिंपलेला. वर हळदकुंकू वाहिलेले. शेजारी ढिवरवस्तीतल्या (मासेमारांच्या वस्तीतल्या) फुलाकाकू बसल्या होत्या.

“काकू, हे कोणी बांधलं?”

“आमी साऱ्यायनं. इतक्या वर्सानं लेकरं आली वं माय. नदीत गेली मंजे कुठं दिसतीन? जाळं नाही टाकत आमी. मोठी होईपर्यंत मासा खायचा नाही, नेम धरला वस्तीनं.”

रेवतीला रागावताच येईना. तिने काकूंचा हात धरून त्यांना पाण्याच्या कडेला नेले.

“बघा ना. श्वास पुरत नाही त्यांना. अशी मोठी कशी होतील?”

काकूंनी वाकून त्या उघड्या तोंडांकडे पाहिले.

“अन् सोडली, तं वापस येतीन का?”

“पुढच्या वर्षी पाणी आले, तर मोठे मासे अंडी घालायला इथे येण्याची शक्यता बरीच आहे,” टिटवी म्हणाली. “खात्री देता येत नाही.”

“हे यंत्र तं आमच्या मालकावानी बोलते,” ताटव्याकडे वळत काकू म्हणाल्या. “हो मनत नाही, नाही मनत नाही.”

रेवतीला हसू आले. “काकू, ताटवा एकदम नका काढू. पाणी झपकन उतरलं, तर मागची पिल्लं चिखलात अडकतील. हळूहळू काढा.”

“बरं. ऊन चढायच्या आत वाट मोकळी करतो. कबूल.”

त्यांनी ताटव्याला हात जोडले, पदर खोचला, आणि विळा घेऊन, पाणी ढवळणार नाही अशा बेताने ओहोळात उतरल्या.