पांढऱ्या रेषेवरचं हेल्मेट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ब्रेडी, तो दिवा बारीक कर, माश्या येतायत. भाड्यानं मोटरसायकली नेणारी माणसं आपल्या यार्डात रोजच येतात, पण वेंडेल क्रॉसेनसारखा ओंगळ माणूस ऑर्व्हलनं जन्मात पाहिला नव्हता. ऑर्व्हल म्हणजे आपला गाड्या धुणारा. उगाच बढाया मारणारा माणूस नाही तो.

गेल्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. त्या रात्री चंद्र नव्हता. वेंडेल आणि त्याची बायको अर्लिन नेब्रास्काहून आले होते. चार दिवस युटातल्या या लाल दऱ्याखोऱ्यांतून हिंडायचं, असा बेत. बेत त्याचा, ती नुसती आली होती. निघताना तिनं त्याला बजावलं होतं, "पंचवीस वर्षं तू फक्त स्वतःपुरतं पाहिलंस. या चार दिवसांत एकदा तरी दुसऱ्या कुणासाठी थांबून दाखव. नाहीतर मी बहिणीकडे जाते, कायमची."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या शनिवारी, संध्याकाळी कड्यावर फोटो काढताना वारा सुटला आणि अर्लिनचं हेल्मेट गडगडत दरीत गेलं. ती दगडावर बसली ती बसलीच. हेल्मेटशिवाय मागं बसणार नाही म्हणाली. मग वेंडेल चरफडत एकटाच गावाकडे निघाला, हेल्मेट आणायला. रस्ता लांबचा, ऊन उतरलेलं, वाटेत एक माणूस नाही.

थोडं अंतर गेल्यावर कडेला एक जुनी निळी मोटरसायकल उभी दिसली. आणि तिच्यामागं, रस्त्याच्या पांढऱ्या रेषेवर, हेल्मेट. नीट ठेवलेलं.

याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. मी अडकलोय, थांब, मदत कर. हेल्मेट असं जमिनीवर दिसलं की कितीही घाई असली तरी गाडीवाला थांबतो. गाडी देताना ऑर्व्हल हे प्रत्येकाला सांगतो. वेंडेललाही सांगितलं होतं, तो "हो हो" म्हणाला होता.

आणि थांबला की तो! थांबला, इकडेतिकडे पाहिलं, हेल्मेट उचललं आणि गाडी माघारी वळवली. खालच्या घळीतून कुणीतरी कण्हलं. त्यानं ते ऐकलं. नंतर त्यानंच सांगितलं ऑर्व्हलला, निलाजऱ्यासारखं. "मला वाटलं, कोल्हा असेल." थू!

"एवढ्यात आलास?" अर्लिन म्हणाली.

"एकानं दिलं. भला माणूस होता."

तिनं हेल्मेट डोक्यात घातलं आणि दुसऱ्या क्षणी उपसून काढलं. आतलं अस्तर ओलं होतं. घामानं नव्हे. उन्हात विसरलेल्या मटणाला येतो तसा वास, गोडसर, घशात बसणारा. तिच्या कपाळावर काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते बोटानं ओढलं. केसांचा पुंजका होता. मुळाशी कातडीसकट. ती वाकून भडाभडा ओकली.

"कुठून आणलंस हे? खरं सांग, वेंडेल!"

त्यानं सांगितलं.

"शी! अरे, माणूस आहेस का कोण तू? मला तुझी किळस येते." तिनं तोंड पुसलं. "चल. जिथून उचललंस तिथं ने मला. त्या माणसाला मदत करायची. नाहीतर उद्याच्या बसनं मी चालले."

ते हेल्मेट हातात धरून ती उघड्या डोक्यानंच मागं बसली. पोचले तेव्हा अंधार पडला होता. निळी गाडी तिथं नव्हती. घळीतून मात्र आवाज येत होता. बारीक, सारखा. अर्लिन हेल्मेट आणि टॉर्च घेऊन उतरली.

"ये ना!"

"माझा गुडघा…" वेंडेल म्हणाला. दिवसभर फोटोंसाठी कडे चढत होता हाच गुडघा घेऊन! इंजिन चालू ठेवून तो गाडीवरच बसून राहिला. पुढं बघत.

"वेंडेल, हात दे रे! फार जड आहे हा!"

त्यानं ॲक्सिलरेटर पिळला. आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

बऱ्याच वेळानं मागं खडी वाजली. गाडी खाली दबली. दोन हात त्याच्या पोटाभोवती आले.

"झालं एकदाचं?" वेंडेल म्हणाला. "गेला का तो?"

मागून बाई काहीतरी ओरडली असं त्याला वाटलं. पण बायको तर मागंच बसली होती. वारा असेल… त्यानं गाडी सोडली.

"रागावलीस? बरं बाई, चुकलं माझं. थांबलो ना पण? थांबलो की नाही?"

काही नाही.

"जेवायला काय घ्यायचं? बर्गर?"

हेल्मेट त्याच्या पाठीवर टेकलं. मग वास आला. तोच.

"अगं, फेकून दे ते घाण! कशाला घातलंस परत?"

मिठी घट्ट झाली. पोटापाशी ओलं लागलं. गार. जॅकेटातून आत झिरपणारं.

"अर्लिन…?"

काही नाही.

"अर्लिन, बोल ना…"

पेट्रोल पंपाचे दिवे आले. त्यानं खाली पोटाकडे पाहिलं.

बोटं होती. एकमेकांत गुंतलेली. काळीनिळी. फुगलेली. आणि नखं…

नखं नव्हती.

त्यानं करकचून ब्रेक मारला. मागं वळला.

सीट रिकामी.

आता सांगा, पोरांनो, बायकोला आणायला माघारी गेला असेल? छे! मोटेलात शिरला, दाराला खुर्ची लावली आणि पहाटेपर्यंत अंग आणि जॅकेट घासत बसला. पोलिसांना फोनसुद्धा केला नाही. ऑर्व्हल म्हणतो, त्या मेलेल्यापेक्षा या जिवंत माणसाची मला जास्त शिसारी आली.

सकाळी एका ट्रकवाल्यानं अर्लिनला यार्डात आणून सोडलं. थंडीनं ओठ फाटलेले, हातांना लाल माती. वेंडेल गाडी परत करत तिथंच उभा होता. तिनं बॅग घेतली, बोटातली अंगठी काढून गाडीच्या सीटवर ठेवली आणि ऑर्व्हलकडे वळली.

"तो माणूस पोचला का हो दवाखान्यात?"

"कोण माणूस?"

"अहो, मी ओढत वर आणला त्याला. तोंड फुटलेलं, बोलता येत नव्हतं. गाडीवर एकच जागा. म्हणून हेल्मेट घालून माझ्या जागी बसवला. वेंडेलला ओरडून सांगितलं, याला आधी ने, मग मला न्यायला ये. यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही."

ऑर्व्हलनं वेंडेलच्या जॅकेटकडे बोट केलं. उन्हात वाळायला यार्डातल्या तारेवर टाकलं होतं. वेंडेलनं ते रात्रभर साबणानं घासलेलं.

पोटावर दोन पंजांचे ठसे होते. बोटं एकमेकांत गुंतलेली. सगळं जॅकेट वाळून कडक झालं होतं.

ठसे ओले होते.